तपोवनाकडे तोंड करून

पंचवटीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर उभे राहिले की गोदावरीच्या दोन्ही काठांवरची घरे दिसतात आणि त्या घरांच्या माथ्यावर शेकडो डिश दिसतात. जुनी पंचवटी कोणी आखून वसवलेली नाही, त्यामुळे कुठे वाड्याची कौले आहेत, कुठे चार मजली अपार्टमेंट आहे, कुठे पत्र्याची शेड आहे, आणि प्रत्येकाचे तोंड आपापल्या गल्लीकडे आहे. डिशचे मात्र तसे नाही. घराची वास्तू कोणत्याही दिशेची असो, तिच्यावरची डिश दक्षिण आणि पूर्व यांच्यामधल्या आग्नेय दिशेलाच वळलेली असते, म्हणजे आमच्या गच्चीवरून पाहिले तर थेट तपोवनाकडे. देवघर कुठे असावे आणि स्वयंपाकघर कुठे यावरून ज्या गावात भावाभावांत वाद होतात, त्या गावात या एका बाबतीत सगळ्यांचे एकमत आहे, याची मला मोठी गंमत वाटते.

गेल्या मे महिन्यापर्यंत मी याकडे नीट लक्ष दिलेले नव्हते. मे महिन्यात सोसायटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम काढले, ठेकेदाराच्या माणसांनी सगळ्यांच्या डिश फास्टनरसकट उपटून पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवल्या, आणि आईच्या खोलीतला टीव्ही चार दिवस बंद पडला. घरात दुसरा टीव्ही आहे आणि तो फायबरच्या इंटरनेटवर चालतो, पण आई तो लावत नाही. तिचे म्हणणे असे की त्या टीव्हीपुढे बसले की तो आधी आपल्यालाच विचारतो, काय बघायचे आहे. छहात्तर वर्षांच्या माणसाला दुपारी जेवून बसल्यावर परीक्षा द्यायची इच्छा नसते. तिला लावले की काहीतरी आधीपासून चालू असलेले हवे असते.

पाचव्या दिवशी दुकानातून डिश बसवणारा मुलगा आला. वीस-बावीस वर्षांचा, पाठीला सॅक, सॅकमध्ये पाना, ड्रिल आणि काळ्या वायरचे वेटोळे. त्याने होकायंत्र काढले नाही की मोबाइलवरचे ॲप उघडले नाही. त्याने विचारले, ‘‘काका, शेजारच्यांची छत्री कुठं आहे?’’ मी समोरच्या इमारतीवरची दाखवली. त्याने मान हलवली. ‘‘ती दुसऱ्या कंपनीची आहे. ती जरा दक्षिणेला बघते. आपली फ्री डिश आहे, आपली अजून उगवतीकडं.’’ तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिले आणि माझ्या लक्षात आले की ज्याला मी इतका वेळ एकमत समजत होतो त्यात दोन-तीन पंथ आहेत. काही डिश ८३ अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहाकडे पाहतात, काही ८८ अंशांवरच्या, आमच्यासारख्या फुकट्यांच्या ९३.५ अंशांवरच्या, आणि काही त्याच्याही पलीकडे ९५ अंशांवर. नाशिक स्वतः सुमारे ७३.८ अंशांवर आहे, म्हणून हे सगळे उपग्रह आपल्याला पूर्वेकडे कललेले दिसायला हवेत. आणि ते सगळे विषुववृत्ताच्या बरोबर वर उभे आहेत, आपण त्याच्या उत्तरेला वीस अंशांवर, म्हणून ते दक्षिणेकडे असायला हवेत. दोन्ही मिळून आग्नेय. वास्तुशास्त्रात ही अग्नीची दिशा, चुलीची. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘‘मग बरोबर आहे, शिजतंय तिकडंच.’’

‘छत्री’ हा शब्द मला डिशपेक्षा अधिक आवडतो. आमच्याकडे १९९२ पासून हाच शब्द आहे, कारण पहिली डिश जी पाहिली ती खरोखरच उलट्या उघडलेल्या छत्रीसारखी होती. काड्या होत्या, दांडा होता, आणि कापडाच्या जागी ॲल्युमिनियमची जाळी. ती आमच्या वाड्यामागच्या इमारतीवर केबलवाल्याने चढवली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. बारा फूट व्यासाची ती वस्तू पाकळ्या-पाकळ्यांनी जिन्यातून वर नेली, वर जोडली, आणि दोन माणसे तिला धरून तासन्‌तास इंचाइंचाने हलवत होती, तिसरा खालच्या खोलीत टीव्हीसमोर बसून ओरडत होता. आम्ही पोरे गल्लीतून तो संवाद ऐकत होतो. ‘आलं?’ ‘मुंग्या!’ ‘आता?’ ‘आलं, आलं... गेलं!’ अँटेना फिरवण्याच्या काळापासून गावाला हा संवाद पाठ होता, फक्त आता त्यात माणसे जास्त होती. पुढे त्या खोलीला कंट्रोल रूम हे भारदस्त नाव पडले, आणि तिच्यातून निघालेली काळी वायर विजेच्या खांबांवरून, वाड्यांच्या सज्जांवरून आणि एका पिंपळाच्या फांदीवरून घराघरात गेली.

ती छत्री आमच्या डिशपेक्षा अधिक पूर्वेकडे, १०५.५ अंशांवर, एशियासॅट-१ या उपग्रहाकडे पाहत होती. त्या उपग्रहाची कथा मला फार उशिरा कळली आणि तेव्हापासून मी ती भेटेल त्याला सांगतो. त्याचे मूळ नाव वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजर यानातून तो सोडला, पण त्याची मोटर नीट चालली नाही आणि तो भलत्याच, निरुपयोगी कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यान वर गेले, जोसेफ ॲलन आणि डेल गार्डनर हे दोन अंतराळवीर बाहेर पडले आणि त्यांनी हा उपग्रह आणि त्याचा एक सोबती असे दोन्ही अक्षरशः हाताने धरून यानात घातले. काम फत्ते झाल्यावर ‘विकणे आहे’ अशी इंग्रजी पाटी धरून त्यांनी फोटोही काढला. उपग्रह पृथ्वीवर आला, त्याची डागडुजी झाली, हाँगकाँगच्या एका कंपनीने तो घेतला आणि ७ एप्रिल १९९० रोजी चिनी रॉकेटवरून तो पुन्हा वर गेला. १९९१ मध्ये त्याच्यावरून स्टार टीव्ही सुरू झाला आणि २ ऑक्टोबर १९९२ पासून झी. म्हणजे आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे ज्याने जग आणून टाकले तो माल जुन्या बाजारातला, दुरुस्त करून विकलेला होता. भद्रकालीत सेकंडहँड वस्तू घेऊन संसार थाटणाऱ्या माणसाला हे ऐकून बरे वाटावे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते आणि नोटा छापणाऱ्या जागी आयुष्य गेल्यामुळे की काय, पैसे देण्याच्या बाबतीत ते फार चौकस होते. केबलवाला पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्यांनी त्याला चहा दिला आणि विचारले, ‘‘हे वरून येतं ते तुमच्यासाठी येतं का?’’ तो म्हणाला, ‘‘नाही साहेब, सगळीकडंच पडतं.’’ ‘‘आमच्या वाड्यावरही?’’ ‘‘पडतं ना.’’ ‘‘मग पैसे कसले?’’ केबलवाला हसला आणि म्हणाला, ‘‘छत्रीचे.’’ अण्णांनी यावर विचार करून दोन महिन्यांनी जोडणी घेतली, पण पुढे कित्येक वर्षे ते म्हणत, पाऊस फुकट पडतो, पागोळीखाली घागर धरणारा पैसे घेतो. यात तक्रार किती आणि कौतुक किती, हे मला कधी नीटसे कळले नाही.

त्या संवादात विषयाचे सारे मर्म होते असे मला आता वाटते. उपग्रह कोणाच्या घरी काही पाठवत नाही. तो अर्ध्या खंडावर सारखाच सांडत असतो. रामकुंडाच्या पायऱ्यांवर, काळारामाच्या कळसावर, पंपिंग स्टेशनच्या पत्र्यावर, ज्याच्या घरी टीव्ही नाही त्याच्याही अंगणात. त्याला खाली कोण आहे ते माहीत नसते आणि कोणी घेतले, कोणी नाही, हे त्याच्यापर्यंत पोचत नाही. खाली जे येते ते इतके क्षीण असते की ते एका जागी गोळा केल्याशिवाय त्याचा काही उपयोग नसतो, आणि ते काम परवलयाचा आकार करतो. अकरावीच्या गणितात परवलय शिकलो तेव्हा समीकरण तोंडपाठ केले, पण अक्षाला समांतर येणारा प्रत्येक किरण, तो कडेवर आदळो की मध्यावर, परावर्तित होऊन एकाच बिंदूत येतो, आणि त्या बिंदूला नाभी म्हणतात, याचा अर्थ आपल्या डोक्यावरच्या गच्चीवर उभा आहे हे वर्गात कोणी सांगितले नाही.

जाळीचे कोडेही मला बरीच वर्षे होते. ज्या जाळीतून वारा आणि पाऊस आरपार जातो, तिच्यात लहरी कशा अडकतात? उत्तर सोपे आहे: जाळीची भोके लहरीच्या लांबीपेक्षा पुष्कळ लहान असली की लहरीच्या लेखी ती जाळी नसते, आरसाच असतो. त्या काळच्या सी-बँडच्या लहरी साधारण साडेसात सेंटिमीटर लांबीच्या होत्या. आताच्या घरगुती डिश ज्या के-यू बँडवर चालतात त्याच्या लहरी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असतात, म्हणून आताची डिश अखंड पत्र्याची. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला, तेव्हा अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट टीव्ही पोचवला गेला. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या खेड्यांतली तीन मीटरची छत्री कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची केलेली होती, आणि ती चालत होती, कारण वरच्या उपग्रहाने स्वतःची नऊ मीटरची छत्री आकाशात उघडली होती. वरची मोठी असली की खालची साधी चालते. पुढे उपग्रहांची ताकद वाढत गेली, लहरी आखूड झाल्या, आणि बारा फुटांची छत्री दोन फुटांवर आली.

छत्रीची सगळ्यात भव्य रूपे नाशिककराच्या नेहमीच्या वाटेवरच आहेत. पुण्याला जाताना नारायणगाव लागते. त्याच्या जवळ आर्वीला देशातले पहिले व्यावसायिक उपग्रह भू-केंद्र उभे राहिले आणि त्याला विक्रम साराभाईंचे नाव दिले गेले. आणि तिथूनच खोडदला फुटले की जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या तीस छत्र्या. गोविंद स्वरूप यांनी त्या अशा रचल्या की पोलादी चौकटीवर दोर ताणून त्यावर बारीक तारेची जाळी बसवली आहे आणि त्यामुळे एवढी अवाढव्य वस्तू वजनाला हलकी आणि वाऱ्याला सोपी झाली. दर २८ फेब्रुवारीला तिथे विज्ञान दिनाचे प्रदर्शन भरते. एका वर्षी मुद्दाम उतरून ते पाहिले. त्या छत्रीखाली उभे राहून वर पाहिले तर आकाश दिसते, म्हणजे आपल्याला ती जवळजवळ दिसतच नाही. आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरींना मात्र ती भिंत वाटते. परत येताना एसटीत शेजारच्या गृहस्थांनी विचारले, ‘‘त्याच्यावर किती चॅनल दिसतात हो?’’ मी म्हणालो, ‘‘एकच, पण फार जुना आहे.’’

आता परत आमच्या गच्चीवर. मुलाने एल आकाराचा पाइप भिंतीला आवळला, डिश चढवली, नट अर्धवट सैल ठेवले आणि मला खाली फोन लावायला सांगितले. आईला टीव्हीवरचे आकडे वाचायचे काम दिले होते. पडद्यावर दोन पट्ट्या असतात, एक ‘स्ट्रेंथ’ आणि दुसरी ‘क्वालिटी’. आई स्पीकरवर खणखणीत आवाजात वाचू लागली, ‘‘स्ट्रेंथ ऐंशी. क्वालिटी शून्य.’’ मुलगा म्हणाला, ‘‘आजी, स्ट्रेंथ सोडा, ती छत्री जमिनीकडं केली तरी दिसते. वायर जोडलेली आहे एवढंच ती सांगते. क्वालिटी वाचा.’’ तीस वर्षांच्या धंद्यात मला भेटलेल्या किती तरी माणसांचे वर्णन या एका वाक्यात बसते, पण तो विषय वेगळा.

‘‘शून्य. शून्य. शून्य. अरे, बारा! गेलं. शून्य.’’

मुलाच्या बोटांकडे मी पाहत राहिलो. तो डिश फिरवत नव्हता, नुसता तिच्या कडेवर तळवा ठेवून भार देत होता. दोन फुटांच्या डिशसाठी एक अंश म्हणजे कडेला जेमतेम पाच मिलिमीटर, आणि दोन-तीन अंशांच्या बाहेर गेले की सगळे संपले. ज्या वस्तूकडे ती वळवायची ती साडेछत्तीस हजार किलोमीटर दूर, निकोबारच्या दक्षिणेला विषुववृत्ताच्या माथ्यावर, पृथ्वीबरोबर तंतोतंत फिरत असल्यामुळे जागेवरच उभी. आणि ती सापडायची ती तळव्याच्या भाराने. ‘‘चाळीस,’’ आई म्हणाली. ‘‘पंचावन्न. बासष्ट. थांब, थांब, आता हलवू नको!’’ त्याने श्वास रोखून नट आवळला, आणि आवळताना डिश केसभर सरकते म्हणून आधीच केसभर उलटी धरली होती, हे त्याने मला नंतर सांगितले. मग एलएनबी थोडा चिमटीत फिरवला. ‘‘अडुसष्ट,’’ आई म्हणाली, आणि तेवढ्यात मागून गाण्याचा आवाज आला, म्हणजे तिने आकड्यांचे पान बंद करून टाकले होते.

एलएनबी म्हणजे डिशपुढच्या दांडीच्या टोकाला असलेली ती मुठीएवढी डबी. खरे काम तिचे. अकरा-बारा गिगाहर्ट्झच्या लहरी वायरीतून पन्नास फूटही धड जाऊ शकत नाहीत, म्हणून ती त्यांना साधारण एक ते दोन गिगाहर्ट्झपर्यंत उतरवते, वाढवते आणि मग खाली सोडते. त्यासाठी लागणारी वीज तिला त्याच वायरीतून उलट दिशेने मिळते: खालचा बॉक्स कधी तेरा व्होल्ट पाठवतो, कधी अठरा, आणि त्या फरकावरूनच तिला कळते की उभ्या लहरी घ्यायच्या की आडव्या. एकाच वायरीतून खालून जेवण जाते, हुकूम जातो, आणि वरून चित्र येते. संक्रांतीला या डबीची आणि दांडीची कसोटी लागते, कारण कापलेल्या पतंगाचा मांजा तिथेच अडकतो आणि गल्लीतली पोरे तो ओढून काढतात. आमची आधीची डिश त्यातच एकदा तोंड फिरवून बसली होती.

एक गोष्ट मला राहवेना म्हणून मी त्या मुलाला विचारली. उपग्रह आकाशात बराच वर असणार. नाशिकहून तो क्षितिजापासून सत्तावन्न-अठ्ठावन्न अंश उंच, म्हणजे माथ्याच्या निम्म्याहून वर येतो. पण ही डिश तर समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून जरा वर पाहते आहे, माथ्याकडे नाही. मग ती भलतीकडेच पाहते आहे की काय? तो म्हणाला, ‘‘काका, ही ऑफसेट आहे. ही दिसते तिकडं बघत नाही.’’ जुन्या गोल छत्रीत डबी बरोबर मध्यावर टांगलेली असे आणि तिची सावली छत्रीवरच पडे. घरगुती डिश म्हणजे मोठ्या परवलयाचा एका बाजूचा कापून घेतलेला तुकडा. त्यामुळे नाभी खाली सरकते, डबी वाटेतून बाजूला होते आणि डिश उभी ठेवता येते, म्हणजे तिच्यात पाणी साचत नाही, कबुतरांना घरटे करता येत नाही. ती दिसते त्याहून वीस-पंचवीस अंश वर पाहत असते. लग्न ठरवायला आलेल्या वडीलधाऱ्या बायकांची अशी नजर मी पाहिली आहे. तोंड चहाकडे आणि लक्ष आतल्या खोलीत.

पाऊस हा या सगळ्यातला जुना वैरी. आमच्याकडे पाऊस त्र्यंबकच्या बाजूने येतो. अंजनेरीवर ढग काळे झाले की पंचवटीत कपडे काढायला पळतात. पण डिश तिकडे पाहतच नाही. तिच्या लेखी पाऊस तेवढाच जो तिच्या वाटेत पडतो, आणि वाट इतकी उभी आहे की तीन-साडेतीन किलोमीटर आग्नेयेला गेले की ती पावसाच्या उंचीच्या वर निघून जाते. म्हणजे आमच्या टीव्हीपुरते पावसाळी गाव फक्त तपोवन आणि त्याच्या पलीकडचा थोडा पट्टा. घरावर धो धो पडत असताना चित्र स्वच्छ असते, आणि कधी अंगणात कोरडे ठणठणीत असताना चित्राचे चौकोन होतात. तेव्हा आई न उठता सांगते, ‘‘तपोवनात आला.’’ दहा मिनिटांनी तिकडून येणारा रिक्षावाला भिजलेला असतो. अडीच सेंटिमीटरच्या लहरीला काही मिलिमीटरचा थेंबही जाणवतो, तो तिला शोषतो आणि विखुरतो; साडेसात सेंटिमीटरच्या जुन्या लहरींना त्याचे फारसे काही नव्हते. तरीही १९९२ च्या पावसाळ्यात केबल जायचीच, कारण लाइट जायची.

२०१५ च्या सिंहस्थात मला या अंतराचा विलक्षण अनुभव आला. शाही स्नानाच्या दिवशी, २९ ऑगस्टला, रामकुंडाकडे जाणारे सगळे रस्ते अडवलेले होते आणि घरापासून पायी दहा मिनिटांवर असलेले कुंड आम्ही टीव्हीवर पाहत होतो. वाहिन्यांच्या गाड्या त्यांच्या टपावरच्या छत्र्या उघडून उभ्या होत्या. खिडकीतून लाउडस्पीकरवरची सूचना ऐकू येई, ‘भाविकांनी पुढे सरकावे’, आणि ती संपून, आम्ही चहाचा एक घोट घेऊन झाल्यावर, तीच सूचना टीव्हीतून ऐकू येई. रामकुंडावरचा आवाज आधी त्या गाडीवरून उपग्रहावर, तिथून दूरच्या कुठल्या तरी स्टुडिओत, तिथून दुसऱ्या उपग्रहावर आणि मग आमच्या गच्चीवर असा दीड लाख किलोमीटरच्या जवळपास प्रवास करून आला होता. या प्रवासाला प्रकाशाच्या वेगाने अर्धाच सेकंद लागतो. बाकीची सेकंदे चित्र आवळून, बांधून, पुन्हा सोडण्यात जातात. आई तेवढ्यात म्हणाली, ‘‘वारा तिकडचा असता तर अगरबत्तीचा वास आला असता, आणि आपण बघतोय टीव्हीत.’’ नंतर ती खिडकी बंद करायला उठली, कारण दोन आवाज एकमेकांत मिसळून काहीच नीट कळत नव्हते. आणि बंद कशाला करायचे, टीव्ही की खिडकी, यावर घरात थोडी चर्चा झाली. खिडकी बंद झाली.

मधल्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ३१ मार्च २०१३ ही ज्या ३८ शहरांसाठी केबलच्या डिजिटायझेशनची मुदत होती त्यात नाशिक होते; टीव्हीखाली बॉक्स आला, गल्लीतल्या केबलवाल्याचा रुबाब गेला, आणि आम्ही एका कंपनीची डिश बसवून घेतली. फेब्रुवारी २०१९ मध्ये नवे दर आले: पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये अधिक कर, त्यावर हव्या त्या वाहिन्यांचे वेगळे पैसे. कागदावर हे न्याय्य होते. प्रत्यक्षात आईने कधी मागितल्या नाहीत अशा दोन भाषांतल्या वाहिन्या आमच्या बिलात बसल्या, त्या काढायला मी सहा वेळा फोन केला, आणि सहाही वेळा एका ध्वनिमुद्रित बाईने माझे आभार मानले. आईने शेवटी तो प्रश्न एका वाक्यात सोडवला: ‘‘जे फुकट पडतंय तेवढंच घेऊ.’’ सरकारची मोफत डिश सेवा डिसेंबर २००४ मध्ये ३३ वाहिन्यांनिशी सुरू झाली होती. आता तिच्यावर त्याहून पुष्कळ जास्त आहेत, महिन्याचे काही भरावे लागत नाही, आणि आईला हवी असलेली सह्याद्री आहे. अण्णा असते तर त्यांनी केबलवाल्याला बोलावून पुन्हा एकदा चहा दिला असता.

या फुकट छत्रीची खरी माणसे मात्र आम्ही नाही. माझे काम ठिबक सिंचनाचे असल्यामुळे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत फिरणे होते. हंगामाला सुरगाणा-पेठकडून मजुरांच्या टोळ्या येतात. पिकअपमध्ये गोधड्या, पातेली, पिठाचा डबा, कोंबड्यांचा खुराडा, आणि सगळ्यात वर, दोरीने बांधलेली, आभाळाकडे तोंड केलेली डिश. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी एका बागेत फिल्टर बघायला गेलो होतो, तेव्हा एक टोळी नुकतीच उतरत होती. अजून पाल उभे राहिले नव्हते, चूल मांडायची होती, पण एका माणसाने डिश उतरवली. तिचा पाय म्हणजे तेलाच्या पत्र्याच्या डब्यात काँक्रीट ओतून रोवलेला पाइप. त्याने तो डबा बांधाच्या कडेला ठेवला, खाली दोन खडे सरकवून समपातळी केली, आणि सूर्य कुठे उगवला होता त्या दिशेला तोंड करून उभा राहिला. मग जागच्या जागी उजवीकडे अर्धा वळला आणि डिशही तेवढीच वळवली. मी विचारले, ‘‘कसं कळतं?’’ तो म्हणाला, ‘‘उगवतीला तोंड करायचं, अर्धं उजवीकडं फिरायचं. तिथं असतोच तो.’’ पंपाच्या खोलीतून वायर ओढली होती. पोरे खोक्यावरच्या लहानशा टीव्हीसमोर उकिडवी बसली. दोन-तीन वेळा तळव्याने कड दाबून त्याने चित्र आणले. कोणी आकडे वाचत नव्हते, पोरांचा गलका झाला की तो थांबला. गंगापूर धरणाच्या खाली असो की सुरगाण्याच्या पाड्यावर, छत्रीचे तोंड त्याला बदलावे लागत नाही. दीडशे किलोमीटर सरकले तरी आकाशातली ती जागा जेमतेम अंश-दीड अंश हलते. बिऱ्हाड बदलले की रेशनचे दुकान बदलते, शाळा बुडते, पाण्याची खेप लांब पडते. दिशा तेवढी तीच राहते.

फायबर आता आमच्या जिन्यापर्यंत आले आहे आणि सोसायटीच्या सभेत गच्चीवरच्या डिश काढून टाकण्याचा विषय दोनदा निघाला. गच्ची स्वच्छ दिसेल हे खरे. फायबरमधून येणारे चित्र पावसात तुटत नाही, हेही खरे. पण ते कोणी मागितल्याशिवाय येत नाही, आणि कोणी मागितले, किती वाजता मागितले, अर्ध्यावर कुठे सोडले, हे सगळे त्याला ठाऊक असते. आमच्या छत्रीला आई जागी आहे की झोपली हेही माहीत नाही. मी सभेत एवढेच म्हणालो की आमची डिश भिंतीला आहे, स्लॅबला नाही, आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

या मार्चमध्ये, दुसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी सव्वा अकराच्या सुमारास आईने हाक मारली. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता आणि चित्राचे चौकोन झाले होते. ‘‘तपोवनात पाऊस तर नाही ना?’’ ती म्हणाली, तीही हसतच. मला ते काय आहे ते वाचून माहीत होते, पण पाहिलेले नव्हते, म्हणून मी गच्चीवर गेलो. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काही दिवस सूर्य काही मिनिटांपुरता बरोबर उपग्रहाच्या मागे येऊन उभा राहतो, आणि त्याच्या प्रचंड रेडिओ गोंगाटात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडून जातो. गच्चीला नवा पांढरा लेप लावला होता, त्यावर पाय ठेववत नव्हता. तपोवनाच्या वर, बराच उंच, सूर्य होता. तळहात आडवा धरून मी त्या दिशेला पाहिले. चौतीस वर्षे ज्यांच्याकडे तोंड करून बसलो त्यांतला एक नेमका त्या तेजात कुठेतरी होता. खाली पाहिले तर डिशवर एलएनबीची सावली नव्हती. ती डिशच्या खालच्या कडेला अगदी लागून, पण बाहेर, भिंतीवर पडली होती. त्या मुलाने सांगितले होते तशीच, वाट मोकळी ठेवून.

मी ती सावली भिंतीवर सरकताना पाहत राहिलो. बोटभर सरकली असेल, तेवढ्यात फोन वाजला.

‘‘आलं,’’ आई म्हणाली. ‘‘काय केलंस?’’

‘‘काही नाही. सूर्य सरकला.’’

‘‘बरं. मग ये आता खाली, वरण निवतंय.’’